कावा

तिसरी कॉफी आली तेव्हा इद्रिझची दुसरी अर्धीसुद्धा संपली नव्हती. झालं ते एवढंच. कुणाला सांगायला गेलं तर तो हसेल, आणि हसला तर त्याचं चूक म्हणता येणार नाही. पण मागच्या शनिवारी, नेवेंकाबाईंच्या स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या नेहमीच्या खुर्चीत तो बसलेला असताना त्यांनी न विचारता, न बोलता, लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यातून ताजी कॉफी आणली, बिनकानाचा छोटा पेला भरून त्याच्यापुढे सरकवला, आणि इद्रिझला जे कळायचं ते कळलं. सारायेवोत जन्मलेल्या माणसाला तिसऱ्या कॉफीचा अर्थ शिकवावा लागत नाही. पहिली आल्यागेल्याची. दुसरी गप्पांची. तिसरीचं नावच मुळी सिक्तेरुशा, म्हणजे चालू लागा आता. यजमानाने तोंडाने काही म्हणायचं नाही, पाहुण्याने तोंडाने काही विचारायचं नाही; पेला पुढे आला की दोन घोट घ्यायचे, गुडघ्यांवर हात टेकायचे आणि म्हणायचं, बरंय, निघतो. इद्रिझ तसाच निघाला. घाईत एकच घोट घेतला असेल. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर कानाला गार वारा लागला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की टोपी वरच राहिली. पण नारळ मिळाल्यावर टोपीसाठी परत जिना चढायचा, एवढा तो गेलेला नव्हता.

गुरुवारी त्यांचा फोन आला. या शनिवारी घरी येऊ नका, त्या म्हणाल्या, कोपऱ्यावर ते नवीन झालंय ना, तिथे भेटू, कावा पिऊ. सारायेवोत कॉफीला काहवा म्हणतात, काफा म्हणतात. नेवेंकाबाई समुद्रकाठच्या शिबेनिकच्या, त्या म्हणत कावा. दोन वर्षं इद्रिझला तो शब्द त्यांच्या तोंडी गोड वाटत आला होता. मराठी कानाला त्या शब्दात जे ऐकू येतं ते इद्रिझला ऐकू यायचं काहीच कारण नव्हतं, पण त्या गुरुवारी फोन खाली ठेवताना त्याला नेमकं तेच ऐकू आलं. घरात बसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. माणूस घरात गप्प बसून राहू शकतो, डोळे पुसू शकतो, खुर्ची सोडायला नकार देऊ शकतो. चारचौघांत बोलावलं की त्याला नीट वागावं लागतं. इद्रिझने उभं आयुष्य विमा कंपनीत नुकसानीची तपासणी करण्यात घालवलं होतं. जळालेल्या दुकानांत, फुटलेल्या नळांखाली उभं राहून कोण खोटं बोलतंय ते बघायचं, हा त्याचा पोटाचा धंदा. मुनिरा, त्याची बायको, होती तोवर म्हणायची, अरे, घरी येताना तो चष्मा कचेरीत ठेवून येत जा. ती गेली, नोकरी गेली, चष्मा तेवढा राहिला. आणि आता त्या चष्म्यातून त्याला लख्ख दिसत होतं ते असं: नेवेंकाबाई इथे आल्या त्या मुलीसाठी. मुलगी आणि जावई वसंतात ऑस्ट्रियात, ग्रात्सला, निघून गेले. बाईंचं आता या धुराच्या, धुक्याच्या शहरात उरलंय काय? बहीण शिबेनिकला बोलावते, समुद्र बोलावतो, मुलगी फोनवर जा जा म्हणते. त्या जाणार. शनिवार जाणार. आठवड्याला एक वार असतो म्हणून बाकीचे सहा निघतात, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांना तर मुळीच नाही.

शनिवारी सकाळी त्याने त्यांची बशी धुतली. पांढरी, काठावर निळे मासे काढलेली. पंधरवड्यापूर्वी त्यांनी तीत अंजिराच्या वड्या घालून दिल्या होत्या, समुद्राकडच्या, काळ्याभोर, आत बडीशेप. बशी परत द्यायची म्हणून त्याने अक्रोड आणून ठेवले होते, सोबत हुर्माशित्सा, पाकात मुरलेल्या गोड वड्या, द्यायचं ठरवलं होतं. मुनिराच्या हातच्या नाही तर बेकरीतल्या का होईना. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये. आई हे इतक्यांदा म्हणायची की लहानपणी इद्रिझला वाटायचं, हा नमाजाचाच भाग आहे. भांडं रिकामं गेलं म्हणजे देणंघेणं मिटलं. ओट्यापाशी उभं राहून त्याने बशी पुसली, परत पुसली, अक्रोडांच्या पिशवीकडे पाहिलं आणि बशी तशीच वर्तमानपत्रात गुंडाळली. दुसऱ्याने हाकलायच्या आधी आपण उठावं, यात तरी थोडी अब्रू राहते. बाहेर कोळशाचा धूर मिसळलेलं धुकं नदीवरून उठून थेट रस्त्यात येऊन बसलं होतं. ट्राम आधी ऐकू यायची, मग दिसायची. उघडे कान गार पडले होते, आणि काखेतल्या बशीचा काठ कोटातून बरगडीला लागत होता.

नवीन दुकान जिथे उघडलं होतं तिथे पूर्वी सुल्यो रजया शिवायचा. दारात मोठ्या फणीने कापूस पिंजत बसलेला असायचा. मुनिरा आणि इद्रिझच्या लग्नाची रजई त्याच्याच हातची. आता तिथे नुसती काच होती. दुकानाला नावही नव्हतं, पाटीवर एक काळा ठिपका. नाव लपवतो तो धंदा कसला, हे पहिलं. आत स्टुलं होती, एकाही स्टुलाला पाठ नव्हती. पाहुण्याने फार वेळ टेकू नये म्हणून ही सोय, हे दुसरं. इथे तिसरी कॉफी द्यायची गरजच नाही, बुडाखालीच देऊन ठेवलीय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं, पण हसू चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही. काउंटरमागे हातभर गोंदलेली एक मुलगी होती.

“कशा चवीची आवडते तुम्हांला?” तिने विचारलं.

“कॉफीच्या.”

“तसं नाही काका. म्हणजे फळाकडे झुकणारी, की सुक्यामेव्याकडे?”

“पोरी, मी कॉफी प्यायला आलोय. बाजार करायला नाही.”

“मग इथिओपियाची देते,” ती शांतपणे म्हणाली. “तुमच्यासारखी सगळी माणसं आधी तिच्यावर रागावतात, मग परत येतात.”

त्याने कोपऱ्यातलं टेबल धरलं, भिंतीला पाठ लावून, दार दिसेल असं. मुलगी दाणे सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर तोलत होती. कागदाच्या नरसाळ्यात पूड घालून वरून बारीक धारेने पाणी सोडत होती, गोल गोल, थांबून, घड्याळाकडे बघून, परत गोल. तिथे उकळी नव्हती, फेस नव्हता, ते उतू जाईल म्हणून कुणी धावत येत नव्हतं. मग काचेच्या सुरईत चहासारखं लाल काहीतरी आलं, आणि त्याच्यासोबत एक जाड कागदाचा तुकडा: जर्दाळू, काळा चहा, शेवटी संत्र्याची साल. डोंगराची उंची, शेतकऱ्याचं नाव, दाणे कसे वाळवले तेही. इद्रिझने तो तुकडा दोनदा वाचला आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नोकरीत त्याला एक गोष्ट पक्की कळली होती: ज्याच्या अर्जात जळालेल्या पडद्यांचा रंगसुद्धा लिहिलेला असतो, त्यानेच दुकानाला काडी लावलेली असते. खरं नुकसान झालेला माणूस ततपप करतो. इतकं सांगतायत म्हणजे काहीतरी दडवतायत. त्याने घोट घेतला. आंबट. जर्दाळू कुठेच नव्हता. भोवती माणसं होती, तरणी, बरी दिसणारी, एकेका टेबलाशी एकेकटी, पुढ्यात उघडा संगणक, आणि सगळी चव घेत होती, अगदी मन लावून. त्याला आठवेना की आयुष्यात कधी कुणी त्याला विचारलं असेल, कॉफी कशी झालीय. आईच्या घरी नाही, मुनिराच्या हाती नाही. कॉफी कशी होती असं नसतंच. कॉफीला कोण होतं, असं असतं. मुनिरा गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात तो ओट्याशी उभ्याउभ्या एकट्यापुरती करून प्यायला लागला, तेव्हा पहिल्यांदा त्याला कॉफीची चव कळली. कडू होती. चव कळायला माणूस एकटा पडावा लागतो. या दुकानात सगळ्यांना चव कळत होती, आणि त्याला त्या पोरांची कीव आली, मग भीती वाटली, कारण पुढच्या शनिवारपासून तोही यांच्यातलाच एक होणार होता, फक्त म्हातारा, आणि संगणकाशिवाय.

आणि तिसरी कॉफी ही काही त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा येत नव्हती. तरुणपणी तो रेमझियाच्या घरी मागणी घालायला गेला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात आईने दिलेला रुमाल. रेमझिया पडद्याआड होती, तिची चाहूल त्याला ऐकू येत होती. तिच्या आईने कॉफी आणली, तो बाहेरच्या थंडीबद्दल काहीतरी बोलला. लगोलग दुसरी आणली, तो आपल्या नव्या नोकरीबद्दल सांगायला लागला. वाक्य पुरं व्हायच्या आत तिसरी समोर होती. बाई हसत होती. अगदी प्रेमाने हसत होती. पाव तासात त्याचं लग्न मोडलं आणि कुणी एक वाईट शब्द बोललं नाही. घरी आल्यावर आईने विचारलं, किती झाल्या? तीन, तो म्हणाला. आईने त्याच्यासाठी अंडी तळली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इद्रिझ तर त्यानंतर प्रत्येक घरात पेले मोजत आला. फक्त नेवेंकाबाईंकडे मोजायचा विसरला होता. तिथे दोनच येत. दोन वर्षं, दर शनिवारी दोन, मग दुपार व्हायची, मग तो आपल्या मनानेच उठायचा, आणि कधी उठवला गेला नव्हता.

दार उघडलं आणि धुक्याबरोबर नेवेंकाबाई आत आल्या. त्यांनी ओठ रंगवले होते. कोट नवा होता, किंवा निदान त्याने पाहिलेला नव्हता. निरोप घ्यायला माणसं नटतात, हे त्याला ठाऊक होतं. आणि त्याच्याकडे यायच्या आधीच गोंदलेली मुलगी काउंटरवरून म्हणाली, “नेवेंकाबाई, नेहमीचीच ना?”

नेहमीची. म्हणजे इथे येणं-जाणं होतं. कुणाबरोबर? इद्रिझ भिंतीला आणखी टेकला.

“लवकर आलात,” त्या हातमोजे काढत म्हणाल्या.

“तुम्ही उशिरा आलात.”

“मी वेळेवर आले. तुम्ही नेहमीच लवकर येता आणि जिन्यात उभे राहता. खालची बाई सांगते मला. म्हणते, तुमचा पाहुणा बाहेर वाळत घातलाय.” त्या स्टुलावर बसल्या, तोल सावरला. “अगंबाई, ह्याला पाठ का नाही?”

“विचारा की तुमच्या मैत्रिणीला.”

त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पर्स मांडीवर घेतली. पर्स नीट मिटत नव्हती. फटीतून काहीतरी राखाडी लोकरी डोकावत होतं, आणि ते काय आहे हे कळायला इद्रिझला तपासनीस असायची गरज नव्हती. त्याची टोपी. त्याच्या वस्तू परत करायला आणल्या होत्या. म्हणजे अंदाज बरोबर होता. अंदाज बरोबर निघाल्याचा आनंद त्याला उभं आयुष्य होत आला होता. आज पहिल्यांदा झाला नाही.

“कशी आहे?” त्यांनी त्याच्या कपाकडे बोट केलं.

“आंबट.”

“आंबटच असते. जर्दाळू लागला?”

“नाही.”

“मलाही पहिल्यांदा नव्हता लागला. दुसऱ्या दिवशी वाटलं, असेल. मग वाटलं, तिने सांगितलं म्हणून वाटतंय.” त्या हसल्या, पण हसणं अर्ध्यातच राहिलं. त्यांचे हात पर्सच्या पट्ट्याशी खेळत होते. मुलीने त्यांची कॉफी आणली, मग त्याच्यापुढे दुसरी ठेवली. त्याने मागितली नव्हती. नेवेंकाबाईंनी तिला मानेने खूण केली होती, ते त्याने पाहिलं. ठरलेलं होतं सगळं. दोन झाल्या. ते थोडा वेळ धुक्याबद्दल बोलले, त्याच्या गुडघ्याबद्दल बोलले, लिफ्ट कधी दुरुस्त होणार याबद्दल बोलले. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं दोघंही बोलत होते, आणि भांडं खरोखरच त्याच्या पायाशी पुडक्यात होतं.

“इद्रिझ,” त्या म्हणाल्या. “मुलीचा फोन होता. ती म्हणते, मावशीकडे जाऊन राहा, सारायेवोत आता तुझं कोण आहे. मी तिला अजून काही सांगितलं नाही. त्याआधी तुम्हांला एक विचारायचं होतं. घरी विचारायला धीर होईना.” आणि त्यांचा हात पर्समध्ये गेला.

“थांबा,” इद्रिझ म्हणाला. “आधी हे घ्या. माझ्याकडे राहून गेलं होतं.” त्याने पुडकं टेबलावर ठेवलं. आवाज त्याला हवा होता तसाच निघाला, कचेरीतला.

त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. सावकाश, एकेक घडी. निळे मासे दिसले. त्यांनी बशी उचलून बाजूला ठेवली आणि मग कागद उलटा करून झटकला, काही खाली पडलंय का, कोपऱ्यात राहिलंय का, ते बघायला. कागदातून काही पडलं नाही. ते बघताना इद्रिझला जे वाटलं त्यासाठी त्याच्याकडे कचेरीतला शब्द नव्हता.

“रिकामी,” त्या म्हणाल्या.

“धुतलेली आहे.”

“ते दिसतंय.” त्यांनी बशीच्या काठावरून बोट फिरवलं. “आमच्याकडेही रिकामी देत नाहीत, इद्रिझ. आणि इथे तर काय. खालच्या बाईकडे एकदा घरात काहीच नव्हतं, तर तिने माझ्या एवढ्या मोठ्या पातेल्यात तीन अक्रोड घालून पाठवले. मला वाटलं, चुकून राहिले. परत द्यायला गेले तर ती भांडायला उठली.” त्या थांबल्या. “बरं. कळलं मला. तुम्हांला नसेल यायचं तर फोनवर सांगायचं होतंत. मी लिपस्टिक तरी लावली नसती.”

“मी सांगायचं?” इद्रिझ म्हणाला. “तुम्हीच तर सांगितलंत. मागच्या शनिवारी.”

“काय सांगितलं मी?”

“तिसरी आणलीत.”

“कसली तिसरी?”

“कॉफी. तिसरी कॉफी. माझी दुसरी संपली नव्हती आणि तुम्ही तिसरी आणलीत.”

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. इद्रिझला चेहरे वाचता येत होते. खोटं बोलणारा माणूस आश्चर्य दाखवतो तेव्हा भुवया आधी वर जातात. या बाईच्या भुवया जागच्या हलल्या नव्हत्या. तिला खरंच काही कळलेलं नव्हतं. तीन वर्षं या शहरात राहून तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण ज्यांना ठाऊक असतं त्यांना ते सांगायचं असतं हेच ठाऊक नसतं. मग त्याने सांगितलं. पहिली कशाची, दुसरी कशाची, तिसरीचं नाव काय. सांगताना त्याला लाज वाटली, जशी परक्या माणसाला घरातली शिवी समजावून सांगताना वाटते.

“सिक्तेरुशा,” त्यांनी भलत्याच ठिकाणी जोर देऊन म्हणून पाहिलं. “सगळ्यांना दिलीय मी,” त्या म्हणाल्या. “खालच्या बाईला दिलीय. जावयाच्या आईला, तिच्या दोन्ही बहिणींना. मीटर बघायला आलेल्या माणसाला. बघितलं ना, की तुम्ही लोक एकामागून एक पिता. आमच्याकडे एका कपावर दोन तास काढतात. म्हटलं, इथे जितक्या जास्त तितका जीव लावल्यासारखं असेल. कुणी जरा चुळबुळलं, आता उठेल असं वाटलं, की मी धावत जाऊन तिसरी टाकायची, थांबावं म्हणून. आणि दोन घोट घेऊन सगळे उठायचे. एकूण एक. मला वाटायचं, ह्या शहरात माणसं थांबतच नाहीत. नाही तर माझी तिसरीच वाईट होत असेल, आधीचा गाळ राहत असेल भांड्यात. म्हणून तुम्हांला कधी दिली नाही. भीती वाटायची.”

“मग मागच्या शनिवारी?”

“मुलीचा फोन झाला होता आदल्या दिवशी. म्हटलं, एकदा देऊन बघू. हा थांबतो का.” त्यांनी कप उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला. “तुम्ही टोपीसुद्धा न घेता पळालात. मग सोमवारपासून रोज येतेय इथे. ह्या पोरीला म्हटलं, मला शिकव कशी करायची, माझी बिघडते. ती हसली, म्हणाली, तुमच्या भांड्याची कॉफी मला येत नाही, बाई. मग म्हटलं, निदान इथे बोलवावं. हिच्या हातची तरी तिसरी पितील.”

“आणि टोपी?”

“थंडी पडलीय. तुमचे कान बघा, बीट झालेत.” त्यांनी टोपी काढून त्याच्यापुढे टाकली. आवाजात राग होता, आणि तो राग त्याच्या वाट्याचा होता.

“विचारायचं होतं ते काय?” इद्रिझने विचारलं, जरी त्याला ते आता कळलं होतं.

“हेच. तिसरी दिली तर थांबाल का.”

टेबलावर दोघांच्या मध्ये बशी होती, लख्ख धुतलेली, रिकामी. घरी ओट्यावर अक्रोडांची पिशवी पडून होती आणि तिथपर्यंत जाऊन यायला फार उशीर झाला असता. इद्रिझने कोटाचे खिसे चाचपले. किल्ल्या, चष्म्याची डबी, ट्रामचं तिकीट. आतल्या खिशात कागदात बांधलेला साखरेचा एक चौकोनी खडा होता. असल्या नव्या दुकानांत साखर देत नाहीत असं त्याने ऐकलं होतं, म्हणून भरवसा न ठेवता बरोबर घेतलेला. त्याने कागद सोडला आणि खडा बशीच्या मधोमध ठेवला. माशांमध्ये तो फारच लहान दिसला.

नेवेंकाबाईंनी खड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “एवढंच?”

“आत्ता एवढंच आहे. अक्रोड घरी आहेत. आणले होते. घातले नाहीत.”

त्यांनी बशी आपल्याकडे ओढून घेतली. मग काउंटरकडे हात वर केला आणि म्हणाल्या, “पोरी, ह्यांना अजून एक दे. तिसरी.”

मुलगी तोलायला लागली, पाणी गोल गोल सोडायला लागली, आणि इद्रिझला प्रत्येक थेंब ऐकू येत होता. कप आला. त्याच्यापुढे ठेवला गेला. वाफ निघत होती. त्याचे दोन्ही हात, त्याला न विचारता, उभ्या आयुष्याच्या सवयीने गुडघ्यांवर टेकले गेले आणि पाठ पुढे झुकली.

“बस,” नेवेंकाबाई म्हणाल्या.

आजवर त्या बसा म्हणत आल्या होत्या. त्याने गुडघ्यांवरचे हात काढले आणि कप उचलला.